हाताला आलेलं

जाधवकाकांचा फोन आला तेव्हा मी शेवटचा तास संपवून कॉलेजच्या जिन्यात उभी होते.

"मास्तरीणबाई, क्लबातलं टेबल काढताहेत. उद्या दुपारी माणसं येणार आहेत. बघायचं असेल तर ये. नाही आलीस तरी चालेल, बघण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही."

"तुम्ही जाणार आहात?"

"मला काय दुसरं काम आहे?"

जाधवकाका म्हणजे बाबांचे कारखान्यातले सोबती आणि क्लबात बाबांकडून वर्षानुवर्षं हरणारा माणूस. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका पुढे झाले. ते मला मास्तरीण म्हणायला लागले ते त्याच्या कितीतरी आधी, मी बारावीतही गेले नव्हते तेव्हापासून. आता ते येरवड्याला मुलाकडे राहतात, गुडघ्यांमुळे फारसे बाहेर पडत नाहीत. ते खडकीला येणार म्हटल्यावर मला जाणं भाग होतं.

रस्त्याच्या मधोमध आता मेट्रोचे खांब आहेत आणि त्यांच्याखाली जुना बाजार आणखीच बुटका दिसतो. पण कारखान्याच्या वसाहतीच्या फाटकातून आत शिरलं की गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि चिंचांखालची गार, आंबूस सावली अंगावर येते. ती तेवढी तशीच आहे. पिवळ्या चुन्याच्या चाळवजा इमारती निम्म्या रिकाम्या झाल्यात. आमच्या घराच्या खिडक्यांच्या चौकटी कुणीतरी काढून नेल्यात आणि त्या चौकोनांतून आतली भिंत दिसते, आमच्यानंतर राहून गेलेल्या कुणाच्या तरी गुलाबी रंगाची. मी तिथे थांबले नाही. क्लबाकडे वळले.

क्लब म्हणजे एक लांबट हॉल. कामगारांसाठी कधीकाळी बांधलेला. एका टोकाला कॅरमचे बोर्ड, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रांचं टेबल, आणि मधे, लोंबत्या दिव्यांखाली, ते हिरवं मोठं टेबल. सगळे त्याला बिलियर्ड म्हणायचे. होतं ते पूल. पंधरा रंगीत बॉल, एक पांढरा, कडेला सहा पॉकेटं. काठीने फक्त पांढऱ्याला ढोसायचं आणि त्याच्याकरवी रंगीत बॉल पॉकेटात घालायचे, इतका सोपा खेळ. दार ढकललं आणि आधी वास आला. लोकरी कापडाचा, टाल्कम पावडरीचा, ओल धरलेल्या लाकडाचा. तो वास नाकात गेला आणि माझे पाय जमिनीपासून वर उचलले गेले, मी पुन्हा लहान होऊन भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि पाय हलवत राहिले.

शनिवार. पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा आणि वसाहतीतली सगळी कुत्री त्याच्या सुरात सूर मिळवायची. बाबा घरी आले की आधी मोरीत जायचे. हाताला लागलेलं मशिनचं तेल काढायला लाकडाचा भुसा, मग साबण, मग पुन्हा भुसा. तरी वास जायचा नाही. पितळ आणि तेल यांचा तो वास मला बाबांचा स्वतःचाच वाटायचा, माणसाला जसा घामाचा असतो तसा. मग चहा. मग कपाटामागून त्यांची काठी निघायची, आईने जुन्या पडद्याच्या कापडाची शिवलेली खोळ घातलेली. खोळीवर फिकट केशरी फुलं होती. क्लबात त्यावरून त्यांची थट्टा व्हायची आणि ती ते ऐकून घ्यायचे.

"काय काळे, लग्नाला निघालात?" जाधवकाका विचारायचे.

"तुझ्या बाराव्याला," बाबा म्हणायचे. दिवसभरातलं त्यांचं ते एकमेव विनोदी वाक्य असायचं.

काठीच्या टोकाला निळा खडू घासायचा, म्हणजे टोक बॉलवरून निसटत नाही. तो घासतानाचा कुरकुरीत आवाज. फुटणाऱ्या बॉलांचा कडाड. पॉकेटात पडलेला बॉल टेबलाच्या पोटातून घरंगळत खालच्या कप्प्यात यायचा तो लांबत जाणारा गडगडाट. बाबांच्या डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात रविवारी सकाळपर्यंत निळी रेघ राहायची. आई भाजी वाढताना म्हणायची, "तो हात धुवा ना एकदा नीट." आणि ते तो हात मांडीवर लपवायचे, शाळेतल्या मुलासारखे.

ते उत्तम खेळायचे. म्हणजे किती उत्तम, ते मला आज सांगता येणार नाही. पुण्यात त्यांच्याहून चांगले खेळणारे असतीलच. पण त्या हॉलमध्ये ते काठी घेऊन टेबलाकडे गेले की कॅरमवरच्या सोंगट्यांचा आवाज थांबायचा. पांढरा बॉल एका कडेला आपटून, दुसऱ्या कडेला आपटून, गर्दीतून वाट काढत बरोब्बर त्याच एका बॉलाला जाऊन हळूच टेकायचा. मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळतं तो तिकडे जाईल म्हणून?"

"तो तिकडंच निघाला होता," ते म्हणाले.

त्यांना खरंच दुसरं उत्तर ठाऊक नव्हतं. आठवीनंतर ते आयटीआयला गेले आणि तिथून कारखान्यात. कोन, वेग हे शब्द त्यांच्या कामात होते, खेळात नव्हते. खेळात फक्त सराव होता. रोज पहाटे, आम्ही अंथरुणात असताना, ते जेवणाच्या टेबलावर सरबताची रिकामी बाटली आडवी ठेवायचे आणि तिच्या तोंडातून काठी आत घालायचे, बाहेर काढायचे. आत, बाहेर. काचेला स्पर्श न करता. हात सरळ जायला हवा, एवढंच. शेजारी स्टोव्हवर पाणी तापत असायचं आणि बाबांच्या त्या सरावाला काहीही आवाज नसायचा. माझ्या लहानपणीच्या पहाटा म्हणजे तो नसलेला आवाज.

म्हणून पहिल्यांदा टिण् झालं तेव्हा मला जाग आली.

नुसतं टिण्. काठीचं टोक काचेला लागल्याचं. मी अकरावीत जाणार होते. उन्हाळा होता, गच्चीवर पसरलेल्या कुरडयांवर घालायचे पंचे खुर्चीवर पडलेले. मी डोळे मिटूनच ऐकत राहिले. पुन्हा टिण्. आणि मग बराच वेळ काहीच नाही.

पुढच्या महिन्यांत ते टिण् घरात मुरलं, नळाच्या गळतीसारखं. मग कपबशीही किणकिणायला लागली. मग सदऱ्याचं वरचं बटण आई लावायला लागली, सहज, जाता जाता, जणू ती नेहमीच लावत होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बाबांनी ते कागदावर लिहून घेतलं, लिहिताना अक्षर वाकडं आलं, आणि डॉक्टर म्हणाले, "हे बघा, हेच." कारखान्यात त्यांना बारीक मापांच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. पण पहाटेची बाटली बंद झाली नाही. उलट अर्धा तास आधी सुरू व्हायला लागली. जे हातातून निसटतंय ते आणखी घोटलं की परत येईल, असा तो साधा हिशेब होता. आजवर त्यांच्या आयुष्यात सगळं तसंच तर आलं होतं.

एका संध्याकाळी मी मोठ्याने वाचून पाठ करत होते. सारख्या वस्तुमानाच्या दोन गोलांपैकी एक स्थिर असेल आणि दुसरा त्यावर समोरासमोर आदळला, तर आदळणारा गोल थांबतो आणि स्थिर असलेला त्याच वेगाने पुढे जातो.

बाबा बाल्कनीत मोगऱ्याला पाणी घालत होते. तांब्या तसाच हातात धरून ते दारात आले.

"परत वाच."

मी वाचलं.

"हे पुस्तकात लिहिलंय?"

"हो. टकरीचा धडा आहे."

"कुणी लिहिलंय?" मग स्वतःच हात झटकून म्हणाले, "पण असा थांबत नाही तो. लांबून मारला तर थोडा पुढे जातो. जरा खाली ढोसला तरच जागच्या जागी थांबतो."

मला ते पटलं नाही. मी पान पुढे उलटलं, मागे उलटलं. दोन दिवसांनी फिरणाऱ्या वस्तूंच्या धड्यात सापडलं. लांबून आलेला बॉल नुसता सरकत नाही, घरंगळत असतो. टकरीत त्याचं सरकणं संपतं, गिरकी उरते, आणि ती त्याला पुढे नेते. खाली ढोसला की उलटी गिरकी मिळते, आणि वाटेत ती पुरती विरते त्याच क्षणी टक्कर झाली तर बॉल जागीच थांबतो. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. तसं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर फार वेळा नाही.

"म्हणजे तिसेक वर्षं मी हे करतोय," ते म्हणाले, "आणि त्याला कारण आहे!"

तिथून आमची शाळा सुरू झाली. संध्याकाळी बाल्कनीच्या फरशीवर, मोगऱ्याच्या कुंड्या भिंतीकडे सरकवून. क्लबातल्या निळ्या खडूचे तुकडे त्यांनी खिशातून आणलेले असायचे. मी सरळ रेघा काढायचे, ते थरथरत्या काढायचे. दोन बॉल तिरपे आदळले की एकमेकांपासून जवळजवळ काटकोनात फुटतात हे मी सांगितलं, तर ते घरात जाऊन पोस्टकार्ड घेऊन आले आणि त्याचा कोपरा रेघांवर ठेवून ताडून पाहिला. दुसऱ्या दिवशी तेच पोस्टकार्ड क्लबात नेलं. जाधवकाका घरी येऊन आईला म्हणाले, "वहिनी, यांना आवरा. काल टेबलावर कार्ड ठेवून बसले होते, मला वाटलं कुणाला पत्र लिहिताहेत."

"मला काय सांगता?" आई म्हणाली. "त्या मास्तरीणबाईंना सांगा."

अप्पा बळवंत चौकात आम्ही दोघं जुनं पुस्तक शोधायला गेलो होतो. कागदाचा आणि डिंकाचा वास, पावसाची बुरबुर, दुकानाच्या पायरीवर छत्र्यांचं पाणी. दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी," बाबा म्हणाले.

"परीक्षा कुठली?"

"परीक्षा नाही."

"मग कशाला उगाच?" असं म्हणून त्याने पुस्तक काढून दिलं. परतताना बसमध्ये बाबांनी ते मांडीवर धरून ठेवलं होतं, दोन्ही हातांनी. असं दोन्ही हातांनी काही धरलं की थरथर कमी दिसायची.

त्या पावसाळ्याविषयी मला सांगायचं आहे, कारण तो एकच पावसाळा असा आला. बाबा कळून खेळायला लागले. हात पूर्वीसारखा राहिला नाही हे त्यांनी मान्य केलं आणि हात नको तिथे डोकं लावलं. लांबचे मार सोडून दिले. पांढरा बॉल नेहमी जवळ थांबेल असा खेळायचा, आणि आपल्याला मारता येण्यासारखं काही नसेल तर तो अशा जागी नेऊन ठेवायचा की समोरच्यालाही मारता येऊ नये. पूर्वी ते वाऱ्यासारखे खेळायचे. आता एकेका मारापुढे उभे राहून ओठ हलवायचे. मला माहीत असायचं ते काय पुटपुटताहेत. पण ते जिंकले. जाधवकाकांना तर हरवलंच, वरच्या ब्लॉकमधल्या दोन तरण्या पोरांनाही हरवलं. घरी येताना त्यांनी गरम शेंगा आणल्या. आईने बटण लावायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, बघतो मी," आणि बराच वेळ घेऊन त्यांनी ते स्वतः काढलं, लावलं, परत काढलं.

मला तेव्हा वाटलं होतं की समजणं हा एक उपाय आहे. मला खरंच तसं वाटलं होतं.

थंडी पडली तशी थरथर वाढली. एका रविवारी बाबांनी मला विचारलं, "हात एवढासा हलला तर बॉल किती चुकतो, हे काढता येतं?"

येतं. मी ओट्यावर लिंबं मांडून दाखवलं. आईने लोणच्यासाठी आणलेली पाटीभर लिंबं होती. एक पांढरा बॉल, एक रंगीत. दोघांच्या मधल्या जागेत जितके बॉल मावतील, साधारण तितक्या पटीने चूक मोठी होते. पांढऱ्याची दिशा केसभर चुकली, तर रंगीत बॉलाची दिशा तितक्या पट चुकते. बाबांनी एकेक लिंबू उचलून मधली जागा भरायला घेतली. लिंबं त्यांच्या बोटांतून सुटत होती. एक गडगडत ओट्याखाली गेलं. मी मदत करायला हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. रांग पूर्ण झाली तेव्हा सगळ्या स्वयंपाकघरात लिंबाच्या सालीचा वास होता.

मग ते काठी घेऊन आले. टोकाला खडू घासला, आणि भिंतीला टोक जेमतेम लागेल अशी काठी नेहमीसारखी धरून उभे राहिले, श्वास रोखून. काठी बाजूला केली तेव्हा भिंतीवर ठिपका नव्हता. मसुरीच्या डाळीएवढा निळा फराटा होता.

त्यांनी फराट्याकडे पाहिलं, लिंबांच्या रांगेकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. मी त्यांना कागद देऊ केला, पण त्यांना तो लागला नाही.

"म्हणजे जवळचासुद्धा जाणार नाही," ते म्हणाले.

"कधी कधी जाईल, बाबा."

"कधी कधी जाधवचासुद्धा जातो." त्यांनी काठीचं टोक सदऱ्याच्या टोकाने पुसलं, खोळ चढवली. मग अगदी शांतपणे, जणू एखाद्या कामाचा निकाल लागला म्हणून बरं वाटावं तसं म्हणाले, "बरं झालं कळलं. उगाच पहाटे उठत होतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि मी टिण् होण्याची वाट बघत राहिले. झालं नाही. स्टोव्हचा आवाज नव्हता, पाण्याचाही नाही. बाबा अंथरुणात होते, उघड्या डोळ्यांनी. तिसऱ्या दिवशी आईने ती बाटली विसळून तिच्यात केसाला लावायचं तेल भरलं. भरताना भांड्यांकडे बघून म्हणाली, "कळलं नसतं तर चुकत का होईना, उठले तरी असते." ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती. त्या घरात तेव्हा कुणीच कुणाला उद्देशून बोलत नव्हतं.

मग फेब्रुवारीत, चिंचांची पानं गळायला लागली होती तेव्हा, बाबांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. एका रविवारी सकाळी, क्लबात कुणी नसताना, ते मला टेबलाशी घेऊन गेले. तिथे बायका-मुली खेळत नसत. मनाई नव्हती, पण नसत. त्यांनी ती केशरी फुलांची खोळ काढून काठी माझ्या हातात दिली.

"तुला सगळं येतं," ते म्हणाले. "आणि तुझा हात हलत नाही."

मला खरंच सगळं येत होतं. कुठला बॉल कुठे लागला तर कुठल्या कोनात जाईल, पांढरा कुठे थांबेल, किती खाली ढोसायचा, सगळं मला डोळ्यांपुढे रेघांसारखं दिसत होतं. मी मारलं. टोक निसटलं आणि पांढरा बॉल लाजल्यासारखा दोन वीत सरकून थांबला. पुन्हा मारलं. बॉल गेला, पण कुठेतरी भलतीकडेच. बाबा माझा कोपर धरून सरळ करत होते आणि त्यांच्या हाताची थरथर माझ्या हातात उतरत होती. त्यांनी हात सोडला की मी वाकडी मारत होते, धरला की आम्ही दोघं मिळून वाकडं मारत होतो.

"असं नाही गं. हे बघ... म्हणजे, हाताला..." ते अडले. काठी त्यांनी माझ्याकडून घेतली, परत दिली. "हे सांगता येत नाही. येईल. रोज केलंस की येईल. पाच-सात वर्षांत येईल."

मी बारावीत जाणार होते. पुढे परीक्षा होत्या, प्रवेश होते, हॉस्टेल होतं. आम्ही आणखी तीन-चार रविवार गेलो. मग क्लास रविवारी सकाळी ठेवायला लागले. बाबा म्हणाले, "आधी अभ्यास." कुणी काही संपवलं नाही, ते आपोआपच राहिलं.

बाल्कनीच्या फरशीवर मी त्यांना जे दिलं ते पुस्तकातलं होतं. कुणीही कुणालाही देऊ शकतं. मी ते आजही दर वर्षी साठ-सत्तर मुलांना देते, आणि त्यातली निम्मी पेपरात ते नीट उतरवूनही काढतात. बाबांपाशी जे होतं ते मात्र त्यांच्या हाताला आलेलं होतं. पहाटेमागून पहाट, बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर करत आलेलं. त्याला शब्द नव्हते, आकडे नव्हते, आणि ते ठेवायला त्या एका हाताशिवाय जगात दुसरी जागाही नव्हती. तो हात ते रोज थोडं थोडं सांडत होता, आमच्या डोळ्यांदेखत, आणि खाली धरायला आमच्याकडे कुठलंही भांडं नव्हतं.

निवृत्तीनंतरही ते काही दिवस क्लबात जायचे. बाकावर बसायचे, माझ्या जागी. दुसऱ्यांचा खेळ बघायचे आणि काठी बॉलला लागायच्या आधी पुटपुटायचे, "डावीकडं जाणार... कडेला लागून परत." तसंच व्हायचं. पहिल्यांदा लोकांना गंमत वाटली. मग एक दिवस कुणीतरी काठी आपटून म्हणालं, "काका, तुमचं भविष्य नंतर सांगा हो." जाधवकाका म्हणाले, "मला सांग रे काळे, मला चालतं." बाबांनी सांगितलं, आणि जाधवकाकांनी तसंच मारायचा प्रयत्न केला, आणि नेहमीसारखं त्यांचं चुकलं. त्यानंतर बाबा गेले नाहीत. काठी कपाटामागे होती. घर सोडताना ती कुठे गेली, आईलाही आठवत नव्हतं.

शेवटच्या वर्षांत त्यांचं बोलणंही पुसट झालं. मी सुट्टीला घरी यायचे तेव्हा दुपारी त्यांच्या पलंगाशी बसायचे. जागे असताना दोन्ही हात चादरीवर सतत काहीतरी मोजत असायचे. आणि झोप लागली की हात थांबायचे. पूर्ण. त्या आजारात असं होतं म्हणे. उजवा हात चादरीवर पडलेला, स्थिर, तळवा अर्धवट मिटलेला, हवं तर त्यावर पाण्याची वाटी ठेवावी. आई आणि मी त्या हाताकडे बघत बसायचो. बाहेर कावळे, पत्र्यावर ऊन, कुणाच्या तरी घरी फोडणी पडलेली. ते जागे होऊ नयेत असं वाटायचं. त्यांना ते कधीच कळलं नसणार की दिवसाचे काही तास त्यांचा हात त्यांना परत मिळत होता.

मी काल क्लबात पोचले तेव्हा जाधवकाका आधीच येऊन खुर्चीवर बसले होते. टेबलाच्या कडा उचकटून भिंतीशी लावल्या होत्या. कापड अजून होतं, पण जागोजागी विरलेलं, मधे छताच्या गळतीचा तपकिरी डाग. चार माणसं कमरेला पट्टे बांधून उभी होती. कापडाखाली दगडाची जाड फरशी असते, ती उचलायची म्हणजे सोपं काम नव्हे.

"आलीस?" जाधवकाका म्हणाले. "बस. आता काय, बघायचं आणि घरी जायचं."

खालच्या कप्प्यात दोन-तीन बॉल सापडले म्हणून कुणीतरी ते टेबलावर ठेवले होते. जाधवकाका चालायची काठी टेकत उठले आणि टेबलापाशी गेले.

"सांग बरं, काळेनं यातला कुठला घेतला असता?"

मी बघितलं. मला तीन वाटा दिसल्या, तिन्हींचे कोन दिसले. त्यातली सोपी कुठली, अवघड कुठली, मी सांगू शकत होते. बाबांनी कुठली घेतली असती, ते मला माहीत नव्हतं.

"नाही सांगता यायचं, काका."

"मलापण नाही." "उभा कसा राहायचा गं तो?"

मी तोंड उघडलं आणि मला काहीच आठवेना. वास आठवत होते, आवाज आठवत होते, अंगठ्याच्या बेचक्यातली निळी रेघ आठवत होती. पण मार घेताना वाकलेले बाबा, त्यांचा कुठला पाय पुढे, मान किती खाली, डोळे कुठे, ते काहीच नाही. त्यांचा एकच फोटो आहे काठीबरोबरचा, त्यात ते भिंतीला टेकून ताठ उभे आहेत. मी इतके शनिवार त्या बाकावर बसले होते. पण ते वाकले की मी बॉलाकडे बघायचे. सगळेच बॉलाकडे बघायचे.

"डावा पाय पुढे," मी म्हणाले.

"डावा? नाही गं. थांब." जाधवकाकांनी हातातली काठी आडवी धरली आणि टेबलावर वाकले. गुडघा कटकन वाजला. त्यांनी एक पाय पुढे घेतला, मान खाली केली, कोपर मागे नेला. क्षणभर तसेच राहिले.

"नाही," ते म्हणाले. "असं नाही."

सरळ झाले. पाय बदलला, पुन्हा वाकले, या वेळी आणखी खाली, हनुवटी जवळजवळ कापडाला लागेपर्यंत. चारही माणसं पट्ट्यांना हात लावून थांबली होती. मी डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होते, त्यांच्यात कुठे बाबा दिसतात का म्हणून.

"असंही नाही," जाधवकाका खालूनच म्हणाले.

"आजोबा, जरा बाजूला होता का," त्या माणसांतला एक म्हणाला. "उजेड आहे तोवर उचलायचंय."